कालव्याइतकीच त्याची माहितीही सार्वजनिक

कालव्यातून नाव घेऊन जाणाऱ्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न पाण्याचा असतो, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. चारी बाजूंना पाणी असते. परंतु ते पिण्याचे नसते. नावेतील टाकी भरण्यासाठी पुढचा नळ कोठे आहे, शौचालयाची टाकी कोठे रिकामी करावयाची, कचरा कोठे टाकावयाचा, पुढच्या पुलाखालून नावेचे छप्पर जाईल की नाही, साठ-सत्तर फूट लांबीची नाव तीस-चाळीस फूट रुंदीच्या प्रवाहात वळवावयाची तर त्यासाठी रुंद केलेली जागा किती मैलांवर आहे, असे अनेक प्रश्न त्याच्यापुढे रोज उभे असतात. यातील एकाचेही उत्तर डोळ्यांना दिसत नाही. कोणीतरी ते सांगावे लागते.

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांच्या जलमार्गांची देखभाल करणारा ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ हा न्यास ही माहिती संगणकावर वा मोबाइलवर उतरवून घेता येईल अशा मार्गदर्शिकांच्या रूपाने विनामूल्य देतो. नाव चालवावी कशी हे शिकवणारी पुस्तिकाही तशीच मिळते. परदेशातील हौशी नावाड्यांची ही सोय. तिचा येथील वाचकांशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे तो तत्त्वाचा. सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली वास्तू लोकांची असते, हे आपण मान्य करतो. त्या वास्तूविषयीची माहितीही तितकीच लोकांची असते आणि ती देणे हा उपकार नसून देखभालीचाच भाग आहे, हे मात्र आपण अद्याप पुरते मान्य केलेले नाही. या तत्त्वाची कसोटी पाहावयास कालव्यांइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

वारशाने आलेले ज्ञान

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या खाणमालकाने वर्स्लीचा कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जो कालवा खोदविला तो १७६१ साली सुरू झाला. मँचेस्टरमध्ये कोळसा स्वस्त झाला आणि त्या यशाने इंग्लंडभर कालव्यांची लाट उसळली. परंतु हे कालवे कोणा एका योजनेनुसार झाले नाहीत. निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले भांडवल घालून, आपापल्या मापाने ते खोदले. नाव वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरविण्यासाठी जे दरवाजेबंद हौद बांधतात, ज्यांना तिकडे ‘लॉक’ आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत जलपाश म्हणतात, त्यांची मापेही त्यामुळे वेगवेगळी राहिली. मध्य इंग्लंडमधील अरुंद जलपाशांतून सात फूट रुंदीची सत्तर फुटी नाव जाते. तीच नाव लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या मोठ्या भागात जलपाशांची लांबी बासष्ट फुटांच्या आसपास असल्यामुळे अडते. दोन शतकांपूर्वीच्या कंपन्यांच्या या मतभेदांचा भुर्दंड आजच्या नावाड्याला भरावा लागतो आणि त्यापासून त्याला वाचविणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आगाऊ माहिती.

मालवाहतुकीच्या काळात ही माहिती कोणी लिहून ठेवण्याची फारशी गरज नव्हती. कुटुंबेच्या कुटुंबे नावांवर राहत. त्यांतील पुष्कळांना लिहिता-वाचता येत नसे. अशा नावांवरील मुलांची दैना इतकी होती की १८७७ साली पार्लमेंटला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तथापि कालव्याचे वळणन् वळण त्या कुटुंबांना पाठ असे. बापाकडून मुलाकडे जाणारे ते ज्ञान होते. संपूर्ण जाळ्याची पद्धतशीर नोंद करणारा हेन्री द सॅलिस यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९०४ साली, म्हणजे रेल्वेने कालव्यांचा कणा मोडल्यानंतर. पुढे १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे कालवे गोठून राहिल्यावर उरलीसुरली मालवाहतूकही बहुतांशी संपली. नावा गेल्या, कुटुंबे किनाऱ्यावर उतरली आणि त्यांच्याबरोबर ते तोंडी ज्ञानही गेले.

कालवे मात्र टिकले. टॉम रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आले. त्यातून जागृत झालेल्या लोकमताने १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था जन्मास घातली आणि बुजविले जाणारे अनेक मार्ग वाचले. आज न्यासाच्या परवान्यावर सुमारे ३५ हजार नावा आहेत. त्यांवरील बहुतेकांच्या बापजाद्यांनी कधी सुकाणू धरलेले नाही. ज्याला वारशाने काही मिळालेले नाही, त्याला ते लिहूनच द्यावे लागते.

यांपैकी सगळेच सुटी घालविण्यासाठी आलेले नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. लंडनसारख्या शहरात घरभाडे परवडत नाही म्हणून नावेवर संसार थाटणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. हजारो नावांना कायमच्या मुक्कामाचा धक्का नाही. १९९५ च्या कायद्यान्वये त्यांना सर्वसाधारणपणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. दर पंधरवड्याला ज्याचे बिऱ्हाड हलते त्याला पुढचा नळ कोठे आहे हा हौसेचा प्रश्न नसतो. घरात तान्हे मूल किंवा आजारी म्हातारे माणूस असेल तर तो त्या दिवसाचा सर्वांत मोठा प्रश्न असतो.

दीपगृहाचा दाखला

यावर एक आक्षेप संभवतो. ज्याला माहिती हवी त्याने ती विकत घ्यावी. खाजगी प्रकाशकांची उत्तम पुस्तके बाजारात असताना न्यासाने फुकट वाटप का करावे? अर्थशास्त्राच्या वर्गात या प्रकारचा वाद दीपगृहाच्या निमित्ताने शिकविला जातो. दीपगृहाचा उजेड एका जहाजाने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला तो पाहण्यापासून अडविताही येत नाही. म्हणून ते काम सरकारनेच करावे, असे जॉन स्टुअर्ट मिलपासून सॅम्युएलसनपर्यंतच्या पंडितांनी मांडले. रोनाल्ड कोस यांनी १९७४ साली इंग्लंडचा इतिहास तपासून दाखविले की तेथे कित्येक दीपगृहे खाजगी व्यक्तींनी बांधली आणि चालविली होती. तेव्हापासून बाजारपेठेचे पुरस्कर्ते या लेखाचा दाखला देत आले आहेत.

परंतु तो दाखला पुरा वाचला पाहिजे. त्या खाजगी दीपगृहांचे शुल्क वसूल करण्याचा हक्क राजसत्तेने दिलेला होता आणि ते बंदरात जहाजांकडून सक्तीने घेतले जाई. म्हणजे बांधणारा खाजगी असला तरी व्यवस्था सार्वजनिकच होती. आपल्याकडेही १९२७ च्या कायद्याने जहाजांकडून दीपशुल्क घेतले जाई आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यानेही शुल्काचे तत्त्व सोडलेले नाही. कालव्याच्या बाबतीत नौकाधारक परवाना शुल्क भरतोच. त्या शुल्कात माहितीचा खर्च आलेला आहे असे मानणे हाच सरळ न्याय होय. शिवाय एकदा तयार झालेली मार्गदर्शिका आणखी एकाने उतरवून घेतली तर खर्च जवळजवळ शून्य असतो. जेथे अधिक एका ग्राहकाला देण्याचा खर्च शून्य, तेथे किंमत लावून काहींना वंचित ठेवणे हा समाजाचा निव्वळ तोटा आहे.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. एका नावाड्याच्या अज्ञानाची किंमत तो एकटा मोजत नाही. अरुंद कालव्यातील एका जलपाशातून एक नाव उतरली की लाखभर लिटर पाणी वरच्या पातळीवरून खाली जाते. पुढचा मार्ग बंद आहे हे ठाऊक नसल्यामुळे नाव उगाच उतरली आणि परत चढली, तर ते पाणी व्यर्थ जाते. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या लांबच लांब भागातील जलपाश पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हे पाहता असा अपव्यय क्षुल्लक म्हणता येत नाही.

खाजगी प्रकाशकांचे यात नुकसानही नाही. काठावरची खानावळ कशी आहे, पुलाचा इतिहास काय, जवळ फिरण्याजोगे काय आहे, हे रसाळपणे सांगणारी त्यांची पुस्तके विकली जातात आणि विकली जावीत. परंतु जलपाश कोणत्या दिवशी बंद राहणार हे तो बंद करणाऱ्या संस्थेलाच प्रथम कळते. जे ज्याला प्रथम कळते, ते त्यानेच प्रथम सांगावयास हवे.

ताजेपणाचा खर्च

अर्थात विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे. मार्गदर्शिका तयार करण्यापेक्षा ती खरी ठेवणे महाग असते. जलपाशाची लांबी शंभर वर्षे बदलत नाही. नळ मात्र एका रात्रीत नादुरुस्त होतो. दुरुस्तीची मोठी कामे प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात काढली जातात आणि तेव्हा मार्ग बंद असतात. मोबाइलवर उतरवून ठेवलेल्या प्रतीचा मोठा गुण असा की रानावनात, खोल चरातून जाताना संपर्क तुटला तरी ती वाचता येते. तिचा दोषही त्याच गुणातून येतो. ती उतरवून घेतल्या दिवसापाशीच थांबलेली असते. कालबाह्य माहिती अज्ञानापेक्षा घातक, कारण अज्ञानी माणूस निदान विचारपूस करतो. छापील ओळीवर विसंबणारा तीही करीत नाही.

म्हणून स्थिर माहिती आणि बदलती माहिती वेगळी ठेवावी, प्रत्येक पानावर तपासणीची तारीख असावी आणि चूक कळविण्यासाठी जबाबदार कार्यालय नमूद असावे. ज्यांना मोबाइलचा सराव नाही अशा वृद्ध नौकाधारकांसाठी जलपाशापाशी कागदी सूचनाही लावलेली असावी. या मागण्या साध्या आहेत; पण पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री अशाच कामांना लागते. २०१२ साली सरकारी मंडळाकडून कालवे न्यासाकडे सोपविताना सरकारने पंधरा वर्षांच्या अनुदानाची हमी दिली. ती २०२७ मध्ये संपत असून पुढील दहा वर्षांसाठी सुमारे ४० कोटी पौंडांचे, परंतु वर्षागणिक घटत जाणारे अनुदान २०२३ मध्ये जाहीर झाले. न्यासाने एप्रिल २०२४ पासून कायमचा धक्का नसलेल्या नावांवर अधिभारही लावला आहे. धरणाच्या भिंतीची डागडुजी टाळता येत नाही. २०१९ मध्ये टॉडब्रुक जलाशयाच्या सांडव्याची पडझड झाली तेव्हा खालच्या गावातील सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली होती. तिच्यापुढे नळांची यादी अद्ययावत ठेवणाऱ्या कारकुनाचे काम गौण वाटणारच. तरीही ज्याच्याकडून अधिक शुल्क घ्यावयाचे, त्याला कमी सांगावयाचे, हा व्यवहार न्याय्य ठरत नाही. स्वयंसेवक नकाशे आणि याद्या तयार करून उणीव भरून काढतात, ते स्तुत्यच आहे. पण स्वयंसेवकाला जाब विचारता येत नाही, संस्थेला विचारता येतो.

आपल्या खाड्यांपुरते

हा विचार आपल्या दारापर्यंत येतो तो २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यामुळे. त्या कायद्यानंतर देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. गोव्यातील मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा, तसेच कोकणातील दाभोळची खाडी व वाशिष्ठी, जयगडची खाडी व शास्त्री नदी हे त्यांत आहेत. गंगेसारख्या मोठ्या मार्गांवर कोठे किती खोली उपलब्ध आहे ही माहिती भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण संकेतस्थळावर देते, ही चांगली सुरुवात होय. लहान खाड्यांवरील सामान्य उतारूला मात्र याहून साधे काही हवे असते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह कोकणातील एका खाडीच्या धक्क्यावर आम्ही पावणेदोन तास ताटकळलो. फलकावर वेळापत्रक होते. ते मागच्या वर्षीचे होते. ओहोटीमुळे त्या वेळची फेरी होत नाही, हे समोरच्या चहावाल्याला ठाऊक होते. आमच्याबरोबर तपासणीसाठी तालुक्याला निघालेली एक गरोदर बाई आणि तिची सासू होती. धक्का नवा, भक्कम काँक्रीटचा होता. त्याच्या खर्चाच्या मानाने तो फलक दर महिन्याला बदलण्याचा खर्च किती आला असता?

धक्का बांधला की त्याचे उद्घाटन होते. फलक बदलला म्हणून कोणी नारळ फोडीत नाही. म्हणूनच हे काम कोणाच्या तरी नेमून दिलेल्या कर्तव्यात आणि अंदाजपत्रकाच्या स्वतंत्र शीर्षात बसविले पाहिजे. प्रत्येक सार्वजनिक धक्क्यावर भरती-ओहोटीच्या वेळा, फेऱ्या, पिण्याचे पाणी व शौचालयाची जागा, माहिती तपासल्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद एवढे लिहिलेले असावे आणि तेच मोबाइलवर उतरवून घेता यावे. त्या बाईने आमच्याकडे नव्हे, चहावाल्याकडे चौकशी केली, कारण फलकावर विश्वास ठेवू नये हे तिला अनुभवाने कळले होते. सार्वजनिक फलकावरचा तो विश्वास परत मिळविणे हे धक्का बांधण्याइतकेच शासनाचे काम आहे.