अजानच्या अ‍ॅपमध्ये डोकवा

‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ म्हणणाऱ्या दोस्तांना माझा सवाल : मग अ‍ॅप काय लपवतंय? ‘अल-मोअज्जिन लाइट’ या अजानच्या अ‍ॅपमधला परका कोड फोन नंबर गोळा करत होता, हे २०२२ मध्ये जगजाहीर झालं. का? दोन संशोधकांनी आत डोकावून पाहिलं म्हणून.

ही जादू नाही. ‘स्ट्रिंग्ज’ कमांड फाइलमधले वाचता येणारे शब्द दाखवते. शब्द कुलूपबंद असतील तर ती हरते. पण चालताना प्रोग्रामला ते कुलूप स्वतःच उघडावं लागतं. विंडोजच्या फाइलींत ‘फ्लॉस’ हे मोफत साधन नेमकी तीच क्रिया करवून शब्द बाहेर काढतं.

बहिष्काराचे फॉरवर्ड पुरे झाले. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींनो, मोहल्ल्याच्या फोनमध्ये काय चाललंय ते तुम्ही नाही शोधणार, तर कोण शोधणार?