रक्ताची उलटी आणि आपला दवाखाना

सिरोसिसचा, पोटात पाणी झालेला रुग्ण रक्ताची उलटी करीत आला असता त्यास ऊर्ध्वग रक्तपित्त समजून वासा-नागकेशर लिहून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बलवान रुग्णाचा स्राव प्रारंभी रोखू नये, असे चरकाचार्य सांगतात खरे. परंतु तेथेच बल व मांस क्षीण नसल्याची अट आहे. हा रुग्ण क्षीणच असतो. विरेचनाचा तर विचारही नको.

पोर्टल शिरेतील दाब वाढून अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटतात. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनने तो दाब उतरवितात, सोबत प्रतिजैविक देतात आणि १२ तासांच्या आत दुर्बिणीतून शिरा बांधतात. एवढे करूनही शंभरातील १५ ते २० रुग्ण सहा आठवड्यांत दगावतात. शाहूपुरीतून सी.पी.आर. रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर आहे. तेथे, किंवा एंडोस्कोपीची सोय असेल तेथे, रुग्ण तत्काळ धाडावा.

आम्हास अधिक बोचते ते पुढचे. वाचून परतलेला रुग्ण प्रोप्रॅनोलॉल वा कार्व्हेडिलॉल घेत असतो. ‘रक्तदाब नाही, मग ही गोळी कशाला?’ असे म्हणून आपल्यापैकीच कोणी ती बंद करवितो. ती पोर्टल दाबासाठी असते. कमी करणे वा थांबविणे हे तज्ज्ञानेच ठरवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकची पट्टी मागणाऱ्यास, यकृताचा आजार आहे काय, एवढे आधी विचारावे.