आधी परमिट, मग ठिणगी

रायगड जिल्ह्यातल्या डोलवीसारख्या पोलाद कारखान्यात वेल्डरने होल्डर हातात घेतला म्हणून काम सुरू होत नाही. आधी हॉट वर्क परमिट लागते. जागा कोणती, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जवळून गॅसची लाइन जाते का, ती बंद कोणी केली, गॅस मोजला का, आग विझवायला कोण उभा राहणार, परवानगी देणारा कोण आणि घेणारा कोण, हे सगळे एका कागदावर येते. काम संपले की परमिट बंद केल्याची वेगळी सही होते. एका पाइपच्या सांध्यासाठी एवढा सोपस्कार! आणि अशाच कारखान्याला सेवा पुरवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर हल्ल्याचा सराव करायला निघालेल्या टेस्टरच्या हाती काय असते? ‘वेब ॲप १, एपीआय २०, आयपी ६, कालावधी ५ दिवस’ अशी कोटेशनमधून उचललेली एक ओळ.

ही ओळ डेटा सेंटरच्या काळातली आहे. तेव्हा सर्व्हर आपल्या रॅकमध्ये, रॅक आपल्या खोलीत आणि खोलीची किल्ली आपल्या कमरेला. आयपी दिला की घराचा पत्ता दिल्यासारखे होते. क्लाउडमध्ये तसे राहिलेले नाही. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधले एखादे साधे मशीन बंद करून पुन्हा सुरू केले की, कायमचा पत्ता घेतलेला नसेल तर, त्याचा सार्वजनिक आयपी बदलतो. जुना पत्ता साठ्यात परत जातो आणि पुढे दुसऱ्याच ग्राहकाच्या वाट्याला येऊ शकतो. सोमवारी क्लायंटने पाठवलेल्या सहा आकड्यांपैकी एक गुरुवारी भलत्याच कंपनीचा असेल, आणि टेस्टर त्यावर निवांतपणे स्कॅनर चालवत असेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाची किंवा ताबा असलेल्या व्यक्तीची परवानगी होती का, एवढेच विचारते. ‘यादीत होता’ हे त्याला उत्तर नाही.

म्हणून स्कोपची, म्हणजे काय तपासायचे हे ठरवणाऱ्या कागदाची, पहिली ओळ आयपीची नसावी, खात्याची असावी. ॲमेझॉनवर बारा अंकी अकाउंट क्रमांक, अझ्युअरवर टेनंट आणि सबस्क्रिप्शन, गूगलवर प्रोजेक्ट. आयपी आणि डोमेन त्याखाली यावेत, आणि टेस्ट सुरू होण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा तपासून घ्यावेत. दुसरी ओळ रोलची, म्हणजे नेमून दिलेल्या अधिकारांची. कोणत्या मशीनला, कोणत्या फंक्शनला कोणता रोल दिला आहे आणि त्या रोलला कुठे कुठे हात घालता येतो, हे लिहिल्याशिवाय क्लाउडचा नकाशा पुरा होत नाही.

कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचे २०१९ मधले प्रकरण या व्यवसायात सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी स्कोप लिहिणाऱ्याने ते एकदा सावकाश पाहावे. बँकेच्या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलच्या मांडणीत चूक होती. बाहेरून आलेली विनंती त्या मशीनकरवी आतल्या पत्त्यावर वळवता येत होती. ॲमेझॉनच्या प्रत्येक मशीनला आतून दिसणारा एक ठरलेला पत्ता असतो, १६९.२५४.१६९.२५४. मशीन त्या पत्त्याला विचारते, ‘माझा रोल कोणता?’ नाव मिळते. पुन्हा विचारते, ‘त्याची चावी?’ तात्पुरती चावी मिळते. हल्लेखोर व्यक्तीने हेच दोन प्रश्न फायरवॉलच्या तोंडून विचारले. मिळालेल्या रोलला गरजेपेक्षा फार जास्त अधिकार होते. त्यातून स्टोरेज बकेट्सची यादी निघाली, मग त्यातल्या फायली उतरल्या आणि अमेरिका व कॅनडातल्या मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली. मार्चमध्ये झालेली ही चोरी बँकेला जुलैमध्ये कळली, तीही एका बाहेरच्या माणसाच्या ईमेलमुळे. पुढच्या वर्षी नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

आता हीच बँक ‘आयपी ६’ वाल्या स्कोपमध्ये बसवून पाहा. फायरवॉल यादीत असती. बकेट्स नसत्या, कारण त्यांना बँकेचा असा आयपीच नसतो. रोल तर नसताच. चूक मशीनमध्ये कमी आणि मशीनला दिलेल्या अधिकारात जास्त होती, आणि अधिकार तपासायचे तर टेस्टरला खात्यात वाचण्यापुरता प्रवेश द्यावा लागतो. तो मागितला की क्लायंट म्हणतो, ‘मग ती खरी टेस्ट कशी? हॅकरला आम्ही लॉगिन देणार आहोत का?’ हॅकरकडे चार महिने असतात. टेस्टरकडे पाच दिवस आहेत, त्यातला एक व्हीपीएनच्या मंजुरीत जातो. एवढे त्याला शांतपणे सांगावे.

डोलवीकडेच वळू. पेण तालुक्यात अंबा नदीच्या काठी, धरमतरच्या जेट्टीला लागून उभा असलेला हा कारखाना २०१० च्या अखेरीस इस्पातकडून जेएसडब्ल्यूकडे आला आणि आता त्याची वार्षिक क्षमता १ कोटी टनांच्या घरात आहे. अशा कारखान्याभोवती ठेकेदारांचे एक गावच वसलेले असते. वडखळ नाक्यावर कॉइल लादलेल्या ट्रेलरच्या मागे ताटकळलेल्या कोणालाही ते सांगायला नको. समजा, अशाच कोणत्या तरी कारखान्याकडे गाड्या लावणाऱ्या एका वाहतूकदाराने आपल्या ॲपची पेनटेस्ट, म्हणजे असाच हल्ल्याचा सराव, मागवली. ॲप मुंबई रीजनमध्ये. त्यात गाडीचे लोकेशन, ई-वे बिलांच्या पीडीएफ, ड्रायव्हरांच्या लायसन्सचे फोटो. वजनकाट्यावरचा आकडा कारखान्याच्या एपीआयमधून येतो. एसएमएस तिसरीच कंपनी पाठवते. कोड पुण्यातला एक फ्रीलान्सर लिहितो आणि त्याच्या लॅपटॉपवरून थेट प्रॉडक्शनला टाकतो.

वाहतूकदार सही करून मोकळा होतो, ‘सगळे तपासा.’ पण सगळे त्याचे आहे कुठे? ॲप त्याचे, बकेट त्याची. एपीआयचा कारखान्याकडचा दरवाजा कारखान्याचा. एसएमएसचे गेटवे तिसऱ्याचे. फ्रीलान्सरचा लॅपटॉप फ्रीलान्सरचा, आणि खरी भीती तर त्या लॅपटॉपवरच्या चावीची. वाहतूकदाराच्या सहीने कारखान्याच्या एपीआयवर बोटही ठेवता येत नाही. ठेवायचे असेल तर कारखान्याच्या जबाबदार अधिकाऱ्याचे लेखी पत्र हवे. नसेल तर स्कोपमध्ये ठळकपणे लिहावे, ‘येथे थांबायचे, पोचता आले तर नोंद करायची, आत जायचे नाही.’

हे अति वाटते? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये कोलफायर कंपनीचे दोन टेस्टर मध्यरात्रीनंतर एका कोर्टाच्या इमारतीत शिरले. राज्याच्या न्यायव्यवस्थेचे रीतसर कंत्राट त्यांच्याकडे होते. अलार्म वाजला, शेरिफ आले. टेस्टरांनी कागद दाखवला. पण इमारत काउंटीची होती आणि काउंटीला कोणी विचारलेच नव्हते. दोघांना अटक झाली, घरफोडीचे कलम लागले आणि आरोप मागे घेतले जायला जानेवारी २०२० उजाडावे लागले. काम देणारा एक आणि घराचा मालक दुसरा. क्लाउडमध्ये तर ही रोजची स्थिती आहे.

क्लाउड कंपनी हाही एक मालकच. मायक्रोसॉफ्टने जून २०१७ पासून पूर्वपरवानगीची अट काढली, ॲमेझॉनने २०१९ मध्ये ठरावीक सेवांसाठी काढली, गूगल कळवायलाही सांगत नाही. यावरून ‘आता विचारायची गरज नाही’ असा समज पसरला आहे. नियम मात्र शाबूत आहेत. सेवा ठप्प करणारे हल्ले, विनंत्यांचा भडिमार, दुसऱ्या ग्राहकाच्या डेटाकडे वळणे याला सक्त मनाई आहे. भाराची चाचणी हा वेगळा विषय, त्याची परवानगी वेगळी. टेस्टच्या आठवड्यात त्या कंपनीचे त्या दिवशीचे धोरण छापून कराराला जोडून ठेवावे. ही पाने बदलत राहतात.

दुसऱ्याच्या दरवाजातून येणाऱ्या संकटाचा दाखला शोधायला रायगडबाहेर जावे लागत नाही. जून २०१७ मध्ये न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनल नॉटपेट्या या मालवेअरमुळे ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. त्याचा उगम उरण तालुक्यात नव्हताच. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला होता. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. ‘आमच्या टर्मिनलचे आयपी’ एवढाच स्कोप घेऊन आदल्या महिन्यात कोणी चोख टेस्ट केली असती, तर रिपोर्ट हिरवागार आला असता.

डोलवीसारख्या ठिकाणी आणखी एक रेघ ओढावी लागते, आणि ती गडद हवी. यंत्रांवरच्या सेन्सरचे आकडे विश्लेषणासाठी क्लाउडवर चढवण्याची रीत आता रुळली आहे. आकडे वर जातात, पण वरून खाली काही येते का? जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१४ च्या अहवालात एका पोलाद कारखान्याचे नाव न घेता नोंद केली होती. फसव्या ईमेलवरून कार्यालयीन नेटवर्क, तिथून उत्पादनाचे नेटवर्क असा हल्लेखोरांचा प्रवास झाला, भट्टी नीट बंद करता आली नाही आणि मोठे नुकसान झाले. क्लाउडच्या स्कोपमध्ये म्हणूनच लिहावे की कारखान्याच्या गेटवेपर्यंतचा मार्ग कागदावर शोधायचा, त्यावरून एकही पॅकेट खाली पाठवायचे नाही. खालची तपासणी शटडाउनमध्ये, प्लांटच्या इंजिनीअरला शेजारी बसवून. तिथे हुशारी दाखवू नये.

फोन नंबरांचा रकाना बहुतेक कागदांत असतो आणि बहुतेकदा चुकीचा असतो. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन डगमगले तर उचलणारा माणूस हवा, हेल्पडेस्कचा ईमेल नव्हे. दुसरी गोष्ट, टेस्ट चालू असताना खऱ्याच चोराच्या खुणा सापडल्या तर? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. ते घड्याळ कोण सुरू करणार, हे आधी ठरलेले असावे. लॉगमधली आपली पावले ओळखू यावीत म्हणून टेस्टरने आपले आयपी आणि वेळा रोज लिहून द्याव्यात.

यातले काहीच नवीन नाही. अडते ते दरात. टेंडरमध्ये सर्वात कमी बोली लावणारा जिंकतो आणि सर्वात कमी बोली लावायची तर नियोजनाचे दोन दिवस आधी कापले जातात. मग पहिले दोन दिवस टेस्टर तेच नियोजन करतो, फक्त बिलात त्याचे नाव ‘टेस्टिंग’ असते. कोटेशनमध्ये नियोजनाची वेगळी ओळ टाकायला लाजू नये.

आणि शेवटी परमिट बंद करणे. टेस्टसाठी काढलेले युजर, तात्पुरत्या चाव्या, उघडलेले सिक्युरिटी ग्रुप, एखाद्या फंक्शनमध्ये टाकलेला कोड, हे सगळे नावानिशी लिहून, काढून, क्लायंटसमोर तपासून दोघांच्या सह्या व्हाव्यात. पुढच्या वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी क्लायंटकडे खात्यांची आणि रोलची यादी मागा. आठवडाभरात ती त्याला देता आली नाही, तर रिपोर्टमध्ये पहिले फाइंडिंग म्हणून तेच लिहा.