ब्रेडेड लाइन आणि चहाच्या रंगाचं ऑइल

मित्रहो, आधीच कबूल करतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा अजूनही गोंधळ होतो, आणि मी मराठी विभागासाठी लेख लिहितोय हे ऐकून माझा रूम पार्टनर कॉटवरून पडायचाच बाकी होता. तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क खुशाल कापा, पण मुद्दा ऐका. कारण मुद्दा जिवाशी संबंधित आहे.

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सध्या एक साथ पसरली आहे. ब्रेडेड ब्रेक लाइनची! गाडीच्या पुढच्या डिस्क ब्रेकला कंपनीचा काळा रबरी पाइप असतो. तो काढायचा आणि त्या जागी स्टीलच्या तारांनी विणलेला चकचकीत पाइप लावायचा. मग संध्याकाळी मेसबाहेर उभं राहून सांगायचं, "एका बोटात ब्रेक बसतो, माहितीये?" एका ज्युनियरने तर मला विचारलं की त्याच्या काकांच्या जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीला असा पाइप लावता येईल का. अरे बाबा, त्या ड्रम ब्रेकला केबल असते. तिथे ऑइलच नाही, तर पाइप लावणार कुठे?

हसू नका. मीही त्यातलाच.

माझी 150 सीसीची गाडी मामाने वापरून मला दिलेली. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने उतरत होतो. मागे पार्टनर, त्याच्या पाठीवर भली मोठी सॅक, आणि मी अर्धा घाट पुढचा ब्रेक दाबूनच उतरवत आणलेला. एका वळणाच्या आधी लिव्हर ओढला तर तो सरळ ग्रिपला येऊन टेकला. ब्रेक नाहीच! मागचा ब्रेक, खालचा गिअर आणि डोंगराच्या बाजूचं गटार यांच्या कृपेने आम्ही थांबलो. दरीच्या बाजूला असतो तर हा लेख दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता, आणि तो श्रद्धांजलीच्या पानावर आला असता.

परत आल्यावर अख्ख्या मजल्याने एकच निदान केलं: "रबरी पाइप फुगतो रे, ब्रेडेड टाक." प्रोजेक्टच्या प्रिंटआउटसाठी म्हणून घरून मागवलेले अडीच हजार मी त्या पाइपवर घातले. (आई हे मासिक वाचत नाही, अशी आशा आहे.) रविवारी पार्किंगमध्ये पाना घेऊन बसलो आणि स्वतःच पाइप बदलला. जुनं ऑइल वाटीत काढून ठेवलं होतं, तेच परत ओतलं. वाया कशाला घालवायचं! तांब्याचे वॉशरही जुनेच लावले. लिव्हर ओढून बघितला तर आधीपेक्षा मऊ.

गाडी ढकलत गेटबाहेरच्या अण्णांच्या गॅरेजवर नेली. अण्णांनी नव्या पाइपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हँडलवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि मला विचारलं, "इंजिनिअर साहेब, हे ऑइल आहे का मेसचा चहा?"

नवीन ब्रेक ऑइल जवळजवळ पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असतं. माझं तपकिरी झालं होतं. मामाने ते कधी बदललं होतं हे मामालाही आठवेना.

आता थोडी थिअरी. कंटाळा आला तरी वाचा, व्हायव्हाला उपयोगी पडेल. तुम्ही बोटांनी 10 किलोच्या जोराने लिव्हर ओढला, लिव्हरमुळे तो जोर 6 पट झाला आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास 12.7 मिलिमीटर धरला, तर ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 47 किलो होतो. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन किलो हवा भरतो, त्याच्याशी तुलना करा. एवढ्या दाबाने रबरी पाइप किंचित फुगतो हे खरं आहे. ब्रेडेड पाइपमध्ये आत टेफ्लॉनची नळी (तव्याला लावतात तेच टेफ्लॉन) आणि त्यावर स्टीलचं विणकाम असतं, त्यामुळे तो कमी फुगतो. म्हणजे मजल्यावरचं निदान अगदीच थाप नव्हती.

पण पाइप फुगतो तो थोडासाच. खरा घोटाळा ऑइलमध्ये असतो. आपल्या गाड्यांत बहुतेक डॉट 3 किंवा डॉट 4 ऑइल असतं आणि ते हवेतलं बाष्प शोषून घेतं. ताजं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 155 अंशांवर येते. घाटात ब्रेक दाबून ठेवला की पॅड तापतात, कॅलिपर तापतो आणि हे पाणी मुरलेलं ऑइल उकळायला लागतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. मग तुम्ही लिव्हर ओढता ते फक्त बुडबुडे दाबायला. पसरणी घाटात माझं हेच झालं होतं. तिथे पाइप सोन्याचा असता तरी ब्रेक लागला नसता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय!

अण्णा म्हणाले, "जुना पाइप परत लाव, ऑइल नवं टाकू, मग कळेल तुला." जुना पाइप वाकवून, तडा आहे का हे बघून आम्ही तोच लावला. नवे वॉशर, डॉट 4 ची नवी बाटली, आणि निप्पलमधून सगळी हवा काढली. लिव्हर एकदम टणक! पूर्ण जोर लावला तरी ग्रिपपासून तीन बोटं लांब. आधी ते अंतर जेमतेम एक बोट होतं. पुढच्या आठवड्यात मी हट्टाने ब्रेडेड पाइप पुन्हा लावला, अर्थात नव्या ऑइलवर. अंतर तीन बोटं आणि वर थोडंसं. फरक पडला, पण दोन बोटांचा फरक त्या दोनशे रुपयांच्या आत मिळालेल्या बाटलीने पाडला होता, आणि "थोडंसं" अडीच हजारांनी.

माझं म्हणणं इथेच आहे. पाइप बदलताना ऑइल काढावंच लागतं, आणि शहाणा माणूस नवं ऑइल टाकून हवाही काढतो. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलतात आणि सगळं श्रेय चकचकीत पाइपला जातं. लॅबमध्ये एका वेळी दोन व्हेरिएबल बदलली तर सर जर्नल तोंडावर फेकतील. पार्किंगमध्ये मात्र आपण सगळे तेच करतो आणि वर त्याला अपग्रेड म्हणतो.

आणि "गाडी लवकर थांबते" हा दावा? ताशी 60 किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला साधारण 17 मीटर जातो. म्हणजे भानावर यायला एक सेकंद लागला तर 17 मीटर गेलेच. मग कोरड्या रस्त्यावर घर्षणांक 0.8 धरला तर थांबायला सुमारे 18 मीटर, ओल्या रस्त्यावर 0.5 धरला तर 28. या गणितात टायर आहे, रस्ता आहे, तुमचं लक्ष आहे. पाइप कुठेच नाही. गुळगुळीत टायरवर ब्रेडेड लाइन म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मग ब्रेडेड पाइप वाईट का? मुळीच नाही. रेसिंगमध्ये ब्रेक पुन्हा पुन्हा जोरात लागतात, सगळं तापतं, तिथे लिव्हरचा अंदाज शेवटपर्यंत तोच राहणं महत्त्वाचं असतं. काही गाड्यांना तर कंपनीतूनच ब्रेडेड येतो. रबरी पाइपही कायमचा नसतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये साधारण चार वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. तेव्हा तो बदलायचाच असेल तर ब्रेडेड जरूर घ्या. मीही तो आता ठेवलाय, पण जुना पाइप म्हातारा झाला होता म्हणून. फक्त नाव-गाव नसलेला स्वस्तातला घेऊ नका, कारण त्याच्या टोकाची फिटिंग कोणी दाबली आहे हे कळायला मार्ग नसतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप ताणला जात नाही ना ते बघा. उघडी जाळी रंग आणि वायरी दोन्ही खरवडते, तेव्हा तो कुठून जातो तेही बघा. आणि एबीएसची गाडी असेल तर घरगुती प्रयोग नकोच, त्या युनिटमध्ये अडकलेली हवा अनेकदा सर्व्हिस सेंटरशिवाय निघत नाही.

शेवटी वर्कशॉपच्या सरांना एक नम्र विनंती. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण आपल्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या मामा-काकांकडून आलेल्या, त्याच्या आधीच्या आहेत. दर सेमिस्टरला एक शनिवार दुपार द्या. ऑइलची बाटली ज्याची त्याने आणायची. पाने, जागा आणि तुमची नजर कॉलेजची. ऑइल रंग खातं म्हणून बादलीभर पाणी शेजारी ठेवू. हवा काढायला दोन माणसं लागतात, एक लिव्हरवर आणि एक निप्पलवर, तेव्हा पार्टनरचाही काहीतरी उपयोग होईल.

आणि मित्रहो, तोपर्यंत एक करा. हा लेख संपला की खाली पार्किंगमध्ये जा आणि डबीच्या काचेतून ऑइलचा रंग बघा. चहासारखा दिसला तर या रविवारी घाटात जाऊ नका. आधी अण्णांकडे जा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी