गुरुपदावरील स्त्री

मुलगी एम्. बी. बी. एस्. झाली कीं पुढें कोणता विषय घ्यावा याचा घरांत खल सुरू होतो, आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून बहुधा दोनच नांवें निघतात: स्त्रीरोग किंवा बालरोग. तिनें अस्थिरोगाचें नांव काढलें तर “तो विषय शिकवायला बाई तरी कोण आहे?” असें विचारून तिला गप्प करण्यांत येतें. प्रश्न उपहासाचा असला तरी खरा आहे. मात्र त्याचें उत्तर मुलीनें नव्हे, विद्यालयांनीं द्यावयाचें आहे.

हार्वर्डची हकीकत या बाबतींत बोलकी आहे. कारखान्यांतील शिशाच्या विषबाधेवर डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांचा अधिकार एवढा मोठा होता कीं, १९१९ सालीं तेथील वैद्यक विद्यालयास त्यांनाच साहाय्यक अध्यापक नेमावें लागलें. पण अटी कशा? अध्यापकांच्या क्लबांत पाऊल टाकावयाचें नाहीं, पदवीदानाच्या मिरवणुकींत चालावयाचें नाहीं, फुटबॉलच्या सामन्यांचीं तिकिटें मागावयाचीं नाहींत! सोळा वर्षें शिकवून १९३५ सालीं त्या निवृत्त झाल्या, त्या साहाय्यक अध्यापक म्हणूनच. विद्यार्थिनींना तर त्या विद्यालयाचें दार १९४५ पर्यंत बंदच होतें.

उलट फिलाडेल्फियाचें स्त्रियांचें वैद्यक विद्यालय पाहा. १८५० सालीं निघालेल्या त्या संस्थेनें १८६६ सालींच डॉ. ॲन प्रेस्टन यांस प्रमुख केलें. आमच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं तेथें गेल्या तेव्हां प्रमुखपदीं रेचल बॉडले होत्या. रसायनशास्त्राच्या अध्यापिकाहि त्याच. परक्या मुलखांत लुगडें नेसून वावरणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीच्या पाठीशीं अशी अधिकारी बाई उभी होती, हें १८८६ च्या पदवीचें कौतुक करतांना आपण सहसा लक्षांत घेत नाहीं.

विद्यार्थिनी वाढल्या कीं अध्यापिका आपोआप वाढतील, असें पुष्कळ समंजस माणसेंहि म्हणतात. अमेरिकेंत २०१९ सालीं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत स्त्रिया निम्म्यांहून अधिक झाल्या. त्याच सुमारास विभागप्रमुखांत मात्र त्या शेंकडा १८ च्या आसपासच होत्या. शस्त्रक्रिया कांहीं पुस्तकांतून येत नाहीं. गुरूच्या हाताशीं उभें राहून, आधीं टांका, मग चाकू, अशी ती हातांत मुरते. आणि चाकू कोणाच्या हातीं केव्हां द्यावा हें गुरूच ठरवितो. रात्रपाळी, बाळंतपणाची रजा, पुढील नेमणुकीची शिफारस, या साऱ्यांत विभागप्रमुखाच्या शब्दास वजन असतें. ती खुर्ची कोणाकडे जाते, याची चौकशी मुलीच्या प्रवेशाच्या वेळीं फीच्या चौकशीबरोबरच करण्यास हरकत नसावी.