कोलाडला थांबावे की पुढे जावे?

इलेक्ट्रिक गाडी घेऊन मुंबईहून तळकोकणात किंवा गोव्याला निघणाऱ्याला सगळे एकच विचारतात : एका चार्जिंगमध्ये किती जाते? उत्तरही कंपनीच्या पत्रकातले दिले जाते. टाटांच्या ४५ युनिटांच्या बॅटरीच्या नेक्सॉनचा चाचणीतला आकडा ४८९ किलोमीटर आहे. पण त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. रोजच्या वापरात ३५० ते ३७० मिळतील, असे कंपनी स्वतःच सांगते. हिशेब ३५० चाच धरावा आणि त्यातही वेगावर नजर ठेवावी. ताशी ८० वरून १०० वर गेले की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. घाटाची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. माणसांसह दोन टनांची गाडी १०० मीटर उंच चढवायला जेमतेम अर्धे युनिट, मोटारीतली गळती धरून थोडे अधिक लागते, आणि उतारावर त्यातले काही परत बॅटरीत येते. कशेडी घाटाने कोणाची बॅटरी संपत नाही. सपाट रस्त्यावर तासन् तास दामटलेल्या वेगाने ती संपते.

आता हा हिशेब राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मांडून पाहू. मुंबईतून पूर्ण भरून निघालेली गाडी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर कोलाडला पोचते, तेव्हा तिच्यात ६५ टक्के शिल्लक असते. एवढी बॅटरी असताना कोण थांबेल? एरवी थांबूही नये. सरळ चिपळूण गाठावे, तिथे ३० टक्क्यांच्या आसपास उरतात आणि चार्जिंगही त्या टप्प्यात झपाट्याने होते, कारण ८० टक्क्यांनंतरच बॅटरी वीज सावकाश घेऊ लागते. पण गणपतीच्या आदल्या दिवशी हाच शहाणपणा अंगाशी येतो. मुंबई-ठाण्यातून पहाटे निघालेल्या सगळ्यांचा हिशेब सारखाच असतो, त्यामुळे सगळ्यांची बॅटरी महाड ते चिपळूण या एकाच पट्ट्यात उतरलेली असते. ६० किलोवॅटच्या चार्जरला दोन गाड्या लागल्या की प्रत्येकीला ३० मिळतात. २० वरून ८० टक्क्यांवर जायला २७ युनिटे, म्हणजे जवळजवळ तास. पुढे चार गाड्या उभ्या असतील तर नुसती वाट पाहण्यातच दोन तास गेले. म्हणून माझे म्हणणे असे, की गर्दीच्या दिवशी गरज नसतानाही कोलाड-माणगावच्या टापूत जिथे चार्जरची गन मोकळी दिसेल तिथे थांबावे. चहा-वडापाव होईतो वीसेक मिनिटांत आठ-दहा युनिटे आत जातात. तेवढ्याने चिपळूणची रांग टाळून रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापर्यंत जाता येते, वर वीस टक्के गाठीला राहतात. त्या वीस टक्क्यांना हात लावू नये. गणपती पावसाळ्यात येतात, कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बंद चार्जरसमोरून पुढचा गाठायला तेवढे अंतर हाताशी हवेच.

यावर कोणी म्हणेल, एवढी आकडेमोड करायची तर पेट्रोलची गाडी काय वाईट? ज्याला वर्षभर सलग लांबचाच प्रवास आहे, त्याच्यासाठी हा आक्षेप मला मान्य आहे. वर्षातून दोन-तीनदा गावी जाणाऱ्याला मात्र दोन थांब्यांचा विचार जड नाही. दुसरा उपाय सुचवला जातो तो मोठ्या बॅटरीचा. ती रांगेची जागा चिपळूणवरून रत्नागिरीकडे सरकवते, आणि त्याच चार्जरवर भरायला वेळही अधिक घेते. तिसरे म्हणणे, सरकार चार्जर वाढवतेच आहे. केंद्राने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना चार्जिंग केंद्र असावे असे म्हटले, राज्याच्या २०२५ च्या धोरणातही अंतर तेच आहे. पण केंद्र मोजून भागत नाही. तिथे गन किती, त्यातल्या चालू किती, आणि वीज गेली तर पर्यायी सोय कोणती, हे मोजायला हवे. नियम अंतराचा आहे, अडचण एका दिवसाच्या गर्दीची आहे.

वीज पाहून वेळ ठरवणे कोलाडला वेगळे सांगायला नको. कुंडलिकेतले राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटण्याच्या वेळेवर चालते, म्हणजे विजेच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणे इथल्या व्यवसायाच्या अंगवळणी पडलेले आहे. इथल्याच स्थानकातून कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक रेल्वेगाडीवर चढवून नेते आणि २०२५ च्या गणपतीत तिने कोलाड ते वेर्णा मोटारींचीही अशीच रो-रो वाहतूक सुरू केली, भाडे एका मोटारीला ७,८७५ रुपये. चार्जिंगचा दर युनिटला वीस रुपये धरला तरी तेवढे अंतर रस्त्याने दीड हजारात होते, तेव्हा रेंजच्या भीतीपोटी कोणी रेल्वेवर गाडी चढवावी असे मी म्हणणार नाही. पण ट्रक रांगेने उभे राहू शकतील एवढे प्रशस्त आवार महामार्गाजवळ आयते आहे, आणि २०२२ मध्ये कोकण रेल्वेमार्गाचे विद्युतीकरणही पूर्ण झाले. रेल्वेच्या तारेतली वीज थेट मोटारीला चालत नाही, वेगळी जोडणी आणि रोहित्र लागेल, खर्च येईल. तो करावा. कोलाड, माणगाव, खेड, चिपळूण, कणकवली, कुडाळ या स्थानकांच्या आवारात चार-चार गनची केंद्रे उभी राहिली आणि कोणती गन रिकामी आहे हे पेणलाच चालकाला मोबाइलवर खात्रीने दिसले, तर कोलाडला वळायचे की नाही हे त्याला वडखळ ओलांडण्याआधीच ठरवता येईल.