खालाजानच्या तीन गोळ्या

मागच्या महिन्यात आमच्या खालाजान चार दिवस राहायला आल्या. रात्री पाय चोळत बसायच्या. तळव्यांना मुंग्या, बधीरपणा. साखर दहा वर्षांची, त्यामुळे घरात सगळे म्हणत, "साखरेचंच असणार."

आम्ही सहज त्यांची औषधांची थैली उघडली. साखरेसाठी मेटफॉर्मिन होतंच. शिवाय एका डॉक्टरांनी दिलेली मल्टीव्हिटॅमिन, शेजारणीने सुचवलेलं बी-कॉम्प्लेक्स आणि दुसऱ्या डॉक्टरांची 'नसांची गोळी', दिवसातून दोनदा. तिन्हींच्या पाकिटावर बारीक अक्षरात पायरिडॉक्सिन! म्हणजे बी-६. पहिल्या दोन्हींत ३-३ मिलिग्रॅम, नसांच्या गोळीत ५०. बेरीज केली, रोजचे १०६. शरीराला लागतं दीड मिलिग्रॅमच्या आसपास.

'जास्तीचं लघवीतून निघून जातं' असं आपण ऐकत आलोय. लघवी पिवळीधमक होते ती बी-२ मुळे, त्यावरून हा समज पक्का होतो. पण बी-६ जास्त प्रमाणात बराच काळ घेतलं तर ते नसांनाच इजा करतं, आणि लक्षणं तीच : मुंग्या, बधीरपणा. मग मुंग्या वाढल्या म्हणून नसांची गोळीही वाढते! अमेरिकेत १९९८ साली मोठ्यांसाठी रोजची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम ठरली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली.

बी-१२ ची गोष्ट उलटी. "आपल्याकडे मटण-अंडी होतात, बी-१२ कसं कमी पडेल?" असं खालाजान म्हणाल्या. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की खाल्लेलं बी-१२ नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांचंही तसंच. त्यात नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या मुलींनीही थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगावं. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

खालाजानना आम्ही थैलीसकट डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत बी-१२ खरंच कमी निघालं. बी-६ असलेल्या तिन्ही गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, बी-१२ स्वतंत्र दिलं. मुंग्या साखरेच्या, बी-१२ च्या की बी-६ च्या, हे आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. शेजारणीला काय सांगायचं, ही खालाजानना वेगळीच काळजी!